विझू न दिलेली सिगारेट

आमच्या घरी पहिला सोफा आला तेव्हा मी शाळेत होतो. तोवर बाहेरच्या खोलीत एक लोखंडी खाट, दोन लाकडी खुर्च्या आणि पाहुणे जास्त झाले तर सतरंजी, एवढीच बसण्याची सोय होती. वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून तीन माणसांचा सोफा घेतला. वर विटकरी रंगाचे जाड सुती कापड, आत फोम. आईने त्याच्या पाठीवर क्रोशाची पांढरी जाळी घातली. पहिले सहा महिने आम्हा मुलांना त्यावर पाय वर घेऊन बसायची बंदी होती.

या सोफ्याच्या उजव्या हातावर वाटाण्याएवढे एक काळे भोक होते. ते काकांचे. काका दर रविवारी यायचे, उजव्या कोपऱ्यात बसायचे, रेडिओवर सामना असला तर तो ऐकायचे आणि सिगारेट ओढायचे. बोलण्याच्या भरात पेटती सिगारेट बशीच्या काठावर ठेवायची आणि विसरायची, ही त्यांची नेहमीची सवय. त्या भोकाला आम्ही 'काकांची सही' म्हणत असू. वडीलधाऱ्यांनी घरात सिगारेट ओढण्यात त्या काळी कोणाला वावगे वाटत नसे. स्वतः न ओढणाऱ्यांच्या घरीही पाहुण्यांसाठी काचेचा अॅश-ट्रे असे आणि तो पुसून ठेवणे हे गृहिणीचे काम असे.

एका रविवारी काका रात्रीचे जेवून साडेनऊला गेले. आम्ही झोपलो. दीडच्या सुमारास आई उठली ती वासाने. ज्वाळा नव्हती, उजेड नव्हता. खोलीत डोळ्यांना झोंबणारा धूर तेवढा भरला होता आणि तो सोफ्याची बैठक व पाठ यांच्यामधल्या फटीतून येत होता. वडिलांनी दोन बादल्या पाणी ओतले, दोघांनी मिळून सोफा ओढत गॅलरीत नेला. सगळे शांत झाले असे वाटून घरात निजानीज झाली. पहाटे दूधवाला आला तेव्हा सोफा पुन्हा धुमसत होता.

पुढे वर्षानुवर्षे ही हकीकत घरात विनोद म्हणून सांगितली गेली. काका मात्र खजील झाले आणि आमच्याकडे त्यांनी पुन्हा कधी सिगारेट पेटवली नाही. दोष कोणाचा याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. माझ्याही नव्हती. ती पहिल्यांदा आली ती पुष्कळ वर्षांनी, अमेरिकेत याच प्रश्नावर तीस-पस्तीस वर्षे चाललेल्या भांडणाची कथा वाचनात आली तेव्हा.

आग म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर ज्वाळा येते. या आगीत कित्येकदा तासन् तास ज्वाळाच नसते. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाचे तापमान नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास जाते. नुसती ठेवली तर ते उतरते, पण कापूस धुमसायला लागण्याइतके ते खचितच असते. हे थोटूक उघड्या फरशीवर पडले तर उष्णता चहूकडे निघून जाते. सोफ्याच्या फटीत पडले तर तीन बाजूंनी गादीची ऊब आणि वरून बेताची हवा मिळते. शेगडीतला निखारा राखेखाली जपून ठेवायची युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक होती. सोफ्याची फट तेच काम करते. सुती कापड, रेयॉन, ताग, कापूस ही सारी वनस्पतिजन्य द्रव्ये धुमसण्यात पटाईत. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे कापड सिगारेटने वितळते, आक्रसते, सहसा धुमसत नाही. मात्र काडीची वा मेणबत्तीची ज्योत लागली तर तेच भडकते. म्हणजे एका धोक्यासाठी चांगले ते दुसऱ्यासाठी वाईट, ही या विषयातली पहिली अडचण. दुसरी अडचण फोमची. पॉलियुरेथेन फोम हा खनिज तेलापासून बनलेला. तो एकदा धुमसता धुमसता पेटला की चार-पाच मिनिटांत सगळी खोली आगीच्या भक्ष्यस्थानी जाऊ शकते. आमचा सोफा त्या टोकाला पोचला नाही, कारण आईची झोप सावध होती.

तोवर धुराने आपले काम केलेले असते. धुमसणाऱ्या गादीतून कार्बन मोनॉक्साइड मुबलक निघतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाची झोप तो मोडत नाही, अधिक गाढ करतो. फोम जळताना त्यात हायड्रोजन सायनाइडची भर पडते. म्हणून अशा आगीत मेलेल्यांच्या अंगावर पुष्कळदा भाजल्याची मोठी खूण नसते. जे वाचतात त्यांचे हाल निराळे. गरम धुराने श्वासनलिका आतून सुजते. रुग्ण बोलत असतो, चेहरा काळवंडलेला आणि आवाज बसलेला असतो, आणि काही तासांत त्याला श्वास घेता येईनासा होतो. कातडी भाजलेली असेल तर मांडीची नाहीतर पाठीची कातडी काढून तिथे बसवायची, मग वर्ष-दीड वर्ष दिवसाचे तेवीस तास अंगाला घट्ट आवळणारे कपडे घालायचे, म्हणजे व्रण जाड होत नाहीत. मुलांच्या बाबतीत तर मूल वाढते आणि व्रण वाढत नाही. त्यामुळे कोपर, गुडघा, मान आखडत जाते आणि शस्त्रक्रिया पुनःपुन्हा कराव्या लागतात.

आणि ही मुले सिगारेट ओढत नव्हती. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार सिगारेटने लागलेल्या घरगुती आगीत मरणाऱ्या दर चौघांपैकी एक जण ती सिगारेट ओढणारा नसतो. या 'दुसऱ्यां'मध्ये एक तृतीयांशाहून अधिक त्या ओढणाऱ्याचीच मुले असतात. बाकी शेजारी, मित्र, पत्नी वा पती, म्हातारे आईवडील. 'ज्याची चूक तो भोगील' हे आपले सोयीचे उत्तर इथे लागू पडत नाही.

आता सिगारेटकडे वळू. माणूस झुरका घेत नसताना ती का जळत राहते, हा प्रश्न आपण कधी स्वतःला विचारत नाही. तो विचारायला आपल्याइतके सोयीचे ठिकाण जगात दुसरे नाही, कारण आपल्याकडे विडी आहे. सिन्नर, सोलापूर, गोंदिया या भागांत लाखो विड्या रोज वळल्या गेल्या. विडी ओढणाऱ्याला विचारा. गप्पांच्या नादात झुरका घ्यायचा राहिला की ती विझते आणि पुन्हा काडी ओढावी लागते. 'जरा काडेपेटी द्या' या विनंतीवर एस.टी.च्या थांब्यांवर कितीतरी ओळखी झाल्या असतील, त्या विडीच्या या गुणामुळेच. तेंदूचे, म्हणजे आपल्या टेंभुर्णीचे, पान दाट असते. त्यातून हवा फारशी आत जात नाही. ओढणाऱ्याने हवा खेचली तरच विडी जळते. सिगारेटचा कागद याच्या उलट. तो सच्छिद्र असतो आणि जळणे एकसारखे चालू राहावे म्हणून त्यात सायट्रेटसारखी लवणे घालतात. त्यामुळे बशीच्या काठावर विसरलेली सिगारेट दहा-पंधरा मिनिटे आपली आपण जळत राहते. विडी आरोग्याला कमी वाईट असे यातून कोणी काढू नये. ती फुफ्फुसाचे तेवढेच वाटोळे करते, आणि जळते थोटूक वाळल्या गवतात टाकले तर गंजीही पेटवते. मुद्दा एवढाच की तंबाखूची गुंडाळी विझू शकते, हे आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्याला ठाऊक होते. अमेरिकेतल्या कंपन्यांना ते कायद्याने पटवावे लागले.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत सिगारेटीमुळे लागलेल्या घरगुती आगींत दर वर्षी दीड हजारांहून अधिक माणसे मरत होती. घराला लागणाऱ्या आगींतल्या मृत्यूंचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण होते आणि आगीची सुरुवात बहुधा सोफ्यात नाहीतर अंथरुणात होई. १९७९ साली बोस्टनजवळच्या वेस्टवूड गावात अशाच आगीत आईवडील आणि त्यांची मुले असे कुटुंबच्या कुटुंब गेले. बोस्टनचे काँग्रेस-सदस्य जो मोक्ली यांनी त्याच वर्षी विधेयक आणले: सिगारेट अशी बनवा की ती ओढली नाही तर विझेल. सॅन फ्रान्सिस्कोत अँड्र्यू मॅग्वायर नावाचा एक कार्यकर्ता हीच मागणी लावून धरत होता. लहानपणी अंगावरचे कपडे पेटून तो स्वतः भाजला होता, आणि भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात काय चालते हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

कंपन्यांचे उत्तर असे की हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. शक्य झाले तर चव बिघडेल. चव नाही बिघडली तर गिऱ्हाईक घेणार नाही. आणि मुळात दोष निष्काळजी माणसाचा आहे. या शेवटच्या युक्तिवादाला तोड नव्हती, कारण तो खराही होता. दारू पिऊन किंवा दमून झोपलेल्या माणसाच्या हातून सिगारेट पडते, हे कोण नाकारील? पण माणूस झोपणार, विसरणार, त्याचा डोळा लागणार हे गृहीत धरूनच आपण विजेच्या जोडणीत फ्यूज घालतो आणि कुकरला सुरक्षा-झडप बसवतो. कुकरची शिटी तुंबली तर स्वयंपाक करणारीला बेजबाबदार ठरवून कारखानदार हात झटकून मोकळा होत नाही.

१९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एक अभ्यासगट नेमला. त्यात तंबाखू कंपन्यांचेही प्रतिनिधी होते. १९८७ साली त्याने निष्कर्ष दिला: असे करणे शक्य आहे. तंबाखू थोडी विरळ भरा, सिगारेटचा घेर कमी करा, कागद कमी सच्छिद्र वापरा, त्यातली जळण वाढवणारी लवणे काढा. पुढे १९९८ साली राज्यांशी झालेल्या तडजोडीमुळे कंपन्यांचे अंतर्गत कागद उजेडात आले. तेव्हा दिसले की 'शक्य नाही' असे बाहेर सांगणारी फिलिप मॉरिस कंपनी आत स्वतःच विझणाऱ्या सिगारेटीवर कित्येक वर्षे प्रयोग करत होती. त्यातल्या एका प्रयोगाचे गुप्त नाव होते 'हॅम्लेट'. जळावे की न जळावे, असा त्यात श्लेष. कंपनीच्या कोणा तज्ज्ञाला नाटकांची आवड असावी. विनोदबुद्धी आणि माणुसकी एकाच डोक्यात राहतात असा काही नियम नाही.

सिगारेट बदलायची नसेल तर मग आग रोखायची कशी? उत्तर तयार होते: सोफा बदला. या वळणावर सगळ्या प्रकरणाला निराळीच गती मिळाली. कॅलिफोर्निया राज्यात १९७५ पासून एक नियम होता. सोफ्यातल्या फोमच्या तुकड्याला बारा सेकंद लहान ज्योत लावली तर त्याने पेट घेता कामा नये. तो नियम पाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे फोममध्ये ज्वालारोधक रसायने मिसळणे, कधी कधी फोमच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत. कारखानदार एका राज्यासाठी वेगळा माल कशाला काढतील? हळूहळू देशभरच्या घराघरांत असे सोफे जाऊन बसले. तंबाखू कंपन्यांना हे सोयीचे होते. अग्निशमन दलांना त्यांनी प्रशिक्षणासाठी देणग्या दिल्या. त्यांच्या 'टोबॅको इन्स्टिट्यूट'चा एक माजी उपाध्यक्ष राज्यांच्या अग्निशमन प्रमुखांच्या राष्ट्रीय संघटनेचा सल्लागार होऊन बसला आणि संघटना सिगारेटीऐवजी फर्निचरवर बोलू लागली. ज्यांनी आग विझवायची त्यांनाच आगीचे कारण दुसरीकडे दाखवायला लावणे, ही कल्पना सुचणाऱ्याची हुशारी मान्य करावी लागते.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट रसायनांचीच आहे आणि तिचा एक धागा हिमालयापर्यंत जातो. लहान मुलांचे रात्रीचे कपडे पेटू नयेत म्हणून सत्तरच्या दशकात अमेरिकेत त्यांवर 'ट्रिस' नावाच्या ब्रोमीनयुक्त रसायनाची प्रक्रिया करत. अर्लीन ब्लम या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ब्रूस एम्स यांच्याबरोबर १९७७ साली दाखवून दिले की हे रसायन पेशींतल्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडवते. काही महिन्यांतच कपड्यांमध्ये त्याचा वापर बंद करण्यात आला. त्याच ब्लमबाई पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, नेपाळातल्या अन्नपूर्णा शिखरावर गेलेल्या स्त्रियांच्या अमेरिकी मोहिमेच्या नेत्या होत्या. गिर्यारोहणाच्या आपल्याकडच्या चाहत्यांना हे नाव माहीत असेल. ते रसायनशास्त्रातही तेवढेच मोठे आहे हे मात्र कमी जणांना माहीत असते. पुढची सव्वीस वर्षे त्या या विषयापासून दूर होत्या. परतल्या तेव्हा त्यांना आढळले की ट्रिसचेच क्लोरीनयुक्त भावंड, जे मुलांच्या कपड्यांतून गेले होते, ते आता सोफ्यांच्या फोममध्ये आहे. शिवाय ही रसायने फोममध्ये पक्की बांधलेली नसतात. ती धुळीत उतरतात, रांगणाऱ्या मुलांच्या हातांना लागतात, आईच्या दुधातही सापडतात.

एवढे करून आग तरी थांबली का? चाचणी होती उघड्या फोमवर छोट्या ज्योतीची. खऱ्या आगीत आधी वरचे कापड पेटते आणि फोमपर्यंत पोचेतो ज्वाला एवढी मोठी झालेली असते की त्या मापाच्या रसायनांचा तिच्यापुढे फारसा टिकाव लागत नाही. आणि धुमसणाऱ्या सिगारेटीची तर ती चाचणीच नव्हती. २०१२ साली 'शिकागो ट्रिब्यून' या दैनिकाने हे सारे प्रकरण लेखमालेतून बाहेर काढले. 'अग्निसुरक्षेसाठी नागरिक' अशा अर्थाच्या नावाची एक संस्था विधिमंडळांत रसायनांची बाजू मांडत होती; तिचा पैसा रसायने बनवणाऱ्या तीन बड्या कंपन्यांचा होता. तिच्या वतीने भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या एका नामवंत शल्यविशारदाने उशीवर होरपळून मेलेल्या तान्ह्या मुलीची हृदयद्रावक कहाणी आमदारांना सांगितली होती. वर्तमानपत्राने शोध घेतला तर अशी मुलगी कुठे नव्हतीच. खऱ्या भाजलेल्या मुलांची वाण नसलेल्या त्या देशात एका डॉक्टरला खोटे मूल कल्पावे लागले!

कॅलिफोर्नियाने नंतर आपला नियम बदलला. नवी चाचणी ज्योतीऐवजी धुमसणाऱ्या सिगारेटीची, आणि नुसत्या फोमऐवजी कापड, अस्तर व भराव यांची मिळून; ती रसायनांवाचून पार पडू शकते. २०२१ च्या जूनपासून तोच नियम साऱ्या अमेरिकेला लागू आहे.

सिगारेटीचे भांडणही अखेर राज्यांनीच मिटवले. न्यूयॉर्कने २००० साली कायदा केला आणि २८ जून २००४ पासून तिथे फक्त कमी पेट घेणाऱ्या सिगारेटी विकण्यास परवानगी राहिली. युक्ती साधी: कागदावर ठरावीक अंतराने दाट कागदाचे दोन-तीन पट्टे. रस्त्यावरच्या गतिरोधकासारखे ते काम करतात. झुरका घेतला तर जळण पट्टा ओलांडते, नाही घेतला तर तिथे हवा कमी पडून विझते. चाळीस सिगारेटी गाळणकागदाच्या दहा थरांवर पेटवून ठेवायच्या. त्यांतल्या दहाहून अधिक शेवटपर्यंत जळल्या तर माल नापास. टेंभुर्णीचे पान जे फुकट करते, त्यासाठी एवढा खटाटोप. कॅनडाने २००५ मध्ये देशभर हा नियम लावला, ऑस्ट्रेलियाने २०१० मध्ये, युरोपीय संघाने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि त्याच वर्षापर्यंत अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत तो आला. 'शक्य नाही' म्हणणाऱ्या कंपन्यांचा धंदा त्यामुळे बुडाला नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे मोक्ली यांच्याच राज्यात, २००८ पासून कायदा लागू झाला आणि सिगारेटीने घराला आग लागण्याची शक्यता २८ टक्क्यांनी घटल्याचे पुढे एका अभ्यासात आढळले. हे पाहायला मोक्ली नव्हते. ते २००१ साली वारले होते.

२८ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पट्टे पडलेली सिगारेटही गादी पेटवू शकते. म्हणून तिला 'सुरक्षित' म्हणण्याचे तिथले अधिकारीही टाळतात. आणि मृत्यूंचा आकडा उतरला त्यात धूम्रपान घटल्याचा, धुराची सूचना देणाऱ्या घंटांचा आणि बदललेल्या गाद्यांचाही वाटा आहे. २०११ साली तिथे अशा आगींत सुमारे साडेपाचशे माणसे गेली. दीड हजारांवरून साडेपाचशे.

आता आपल्याकडे. इथे अतिशयोक्ती करण्याचा मोह टाळला पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले अवघे ३.८ टक्के प्रौढ विडी-सिगारेट ओढणारे निघाले. तंबाखू, मिश्री, गुटखा यांचे सेवन करणारे मात्र २४.४ टक्के. आपण ओढण्यापेक्षा चघळणारे लोक. भारतात दर वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे बऱ्यापैकी किंवा गंभीर भाजतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात मोठा वाटा स्वयंपाकघराचा आहे, आणि सुनांच्या बाबतीत 'स्टोव्हचा भडका' या शब्दांआड काय काय दडवले गेले हे वाचकांना सांगायला नको. त्या तुलनेत सोफ्यातली सिगारेट हे लहान कारण. पण ते सुटण्यासारखे आहे, आणि आपली घरे ज्या दिशेने बदलली ती दिशा त्याला पोषक आहे. शहाबादी फरशी, लाकडी खुर्ची आणि उघडी गॅलरी यांच्या जागी बंद काचा, वातानुकूलन, जाड पडदे, फोमचे सोफे आणि फोमच्याच गाद्या आल्या. खिडक्यांना चोरांच्या भीतीने बसवलेल्या लोखंडी जाळ्या आहेत; त्या चोराला आत येऊ देत नाहीत तशा घरच्यांना बाहेरही पडू देत नाहीत. धुराची घंटा हॉटेलात आणि कचेरीत असते, दिवाणखान्यात नसते.

आणखी एक गोष्ट नवी आहे. दम्याच्या आणि जुनाट खोकल्याच्या वृद्धांसाठी प्राणवायूचे यंत्र घरी ठेवण्याची पद्धत करोनाच्या साथीनंतर पुष्कळ वाढली. त्या आजारातले अनेक जण आयुष्यभर ओढत आलेले असतात आणि चोरून ओढतातही. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण तो कपड्यांत, केसांत, उशीत साचून राहतो आणि ठिणगीचे काम दसपट सोपे करतो. नाकात नळी असताना पेटवलेली सिगारेट थेट चेहरा जाळते. यंत्र बंद केल्यावरही काही वेळ हा धोका असतो, हे यंत्र भाड्याने देणाऱ्याने सांगितले नसेल तर घरच्यांनी लक्षात ठेवावे.

कायद्याचे म्हणाल तर २००३ च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात जाहिरातींवर बंदी आहे, पाकिटावरच्या इशाऱ्याची चित्रे आहेत, अल्पवयीनांना विक्री करण्यास मनाई आहे, सार्वजनिक जागी ओढण्यावर निर्बंध आहेत. पेटती सिगारेट आपोआप विझावी याविषयी त्यात अक्षर नाही. भारतात तयार झालेली सिगारेट पॅरिसच्या दुकानात ठेवायची झाली तर तिच्या कागदाला पट्टे असावे लागतात. आपल्या कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे ठेवण्यासाठी कायद्याची अशी अट नाही. परळच्या सोफ्याला पॅरिसच्या सोफ्यापेक्षा कमी आग लागते असे मानण्यास आधार नाही. फर्निचरच्या बाबतीत आपल्याला उशिरा येण्याचा एक फायदा मात्र आहे. रसायनांची चाळीस वर्षांची चूक दुसऱ्यांनी करून झाली आहे. सोफ्यासाठी चाचणी ठरवायची तर ती धुमसण्याची ठरवावी, आणि कुठल्या देशात बाद झालेली रसायने इथे स्वस्तात खपवण्याची वाट मोकळी राहू नये, एवढे भान नियम करणाऱ्यांना ठेवता येईल.

तोवर घरात जे करायचे ते जुनेच आहे. ओढायचीच तर घराबाहेर. अॅश-ट्रे खोल आणि त्यात बोटभर पाणी. थोटके कागदाच्या कचऱ्यात नकोत. बैठक उठल्यावर सोफ्याच्या फटीत हात घालून पाहावा. पेन, नाणी, शेंगदाणे आणि एखादे वेळी आणखी काही हाती लागते. भाजलेच तर वीस मिनिटे नळाखालचे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काहीही नाही. गादी धुमसताना दिसली तर आधी मुले आणि म्हातारी माणसे बाहेर, मग १०१. आमच्या आईवडिलांनी सोफा ओढत नेला तो निव्वळ नशिबाने भडकला नाही. हलवताना हवा लागून अशी गादी एकदम पेटते हे त्यांना ठाऊक नव्हते.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो गेल्या हिवाळ्यात आला होता. वडिलांची सवय त्याने उचलली आहे, पण गॅलरीत जाऊन ओढतो. सोबत तिकडून आणलेले पाकीट होते. कठड्यावर सिगारेट ठेवून तो आमच्या जुन्या सोफ्याची गोष्ट पुन्हा ऐकत बसला, त्याच्या वडिलांची सही, दोन बादल्या पाणी, दूधवाला, सगळी. हसून झाल्यावर त्याने सिगारेट उचलली तर ती निम्म्यात विझली होती. ''या नव्या सिगारेटींचं हे असंच,'' तो वैतागून म्हणाला, ''घरात काडेपेटी आहे का?''